आठ पंचावन्नच्या आधीचा तास

2 जानेवारी 2023, सोमवार. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात, नदीकाठच्या पेकॉर स्टेडियमवर अमेरिकन फुटबॉलचा सामना रंगात आला होता. साऱ्या देशाच्या डोळ्यांदेखत 24 वर्षांच्या एका धडधाकट खेळाडूचं हृदय थांबलं. डमार हॅम्लिन त्याचं नाव. तो वाचला, पुन्हा मैदानात उतरला, आणि त्या रात्रीची गोष्ट देवाची कृपा म्हणून जगभर सांगितली गेली. कृपा होती की नव्हती, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण तो घटनाक्रम घड्याळ समोर ठेवून वाचला तर दिसतं की हॅम्लिनला वाचवण्याचं निम्मं काम तो कोसळण्याआधीच उरकलेलं होतं. शाळा चालवणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावं, एवढ्यासाठी ही मांडणी.

24 वर्षं आधी

सुरुवात स्टेडियमपासून नाही, शाळेपासून करावी लागते. 1999 साली विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी शहराजवळच्या व्हाइटफिश बे इथला ॲडम लेमेल हा 17 वर्षांचा मुलगा बास्केटबॉल खेळता खेळता कोसळला आणि गेला. त्याचं हृदय बंद पडण्याआधी नुसतं थरथरत राहिलं होतं. वैद्यकात याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. अशा वेळी लगेच छातीवर दाब दिले आणि एईडी यंत्राने विजेचा झटका दिला, तर हृदय पुन्हा लयीत येऊ शकतं. ॲडमच्या आईवडिलांनी आणि त्याच्या मित्राने मिलवॉकीच्या मुलांच्या रुग्णालयाला बरोबर घेऊन 'प्रोजेक्ट ॲडम' सुरू केला. शाळेत कुणाचं हृदय थांबलं तर पहिल्या तीन मिनिटांत काय काय व्हायला हवं, हे शाळांना शिकवणारा हा उपक्रम पुढे अमेरिकेच्या अनेक राज्यांत पोचला.

तिथल्या पुष्कळ शाळांत हे काम नर्सबाईंच्या अंगावर येतं. नर्सबाई म्हणजे गुडघ्याला मलम लावणाऱ्या आणि ताप मोजणाऱ्या, असं आपल्याला वाटतं. पण त्यांचं मोठं काम माणसं गोळा करण्याचं असतं. पहिली गोष्ट म्हणजे शाळेत सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोण कुठे असतं याची यादी. कार्यालयातल्या बाई, खेळाचे प्रशिक्षक, स्वयंपाकघरातली माणसं, झाडलोट करणारे काका, ग्रंथपाल. यातून पाचदहा जणांचा गट बनतो. मग व्यायामशाळेच्या फरशीवर रबरी पुतळे मांडले जातात आणि एकेक जण गुडघे टेकून दाब देतो. दाब पुरेसा खोल गेला की पुतळ्यातून टक् असा आवाज येतो. पहिल्या खेपेला बहुतेकांचा तो येत नाही. माणसाच्या छातीवर, भले ती रबराची असो, एवढा जोर लावायला मन धजत नाही. नर्सबाई पाठीमागे उभ्या राहून सांगतात, आणखी जोरात, आणखी. मग आवाज येतो आणि शिकणाऱ्याचा चेहरा बदलतो.

खरी परीक्षा असते ती सरावाची. नर्सबाई शाळेच्या एखाद्या कोपऱ्यात पुतळा आडवा ठेवतात, स्टॉपवॉच सुरू करतात आणि कुणाला तरी सांगतात, "हा माणूस आत्ता कोसळला." अशा सरावात जे सापडतं ते कागदावरच्या कुठल्याही योजनेत सापडत नाही. यंत्र आहे, पण ते नर्सच्या खोलीत आणि खोलीला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे ते चार वाजता घरी गेलेले, आणि सामना पाचला. मैदान इमारतीच्या मागे, तिकडून रस्त्यावर उघडणारं फाटक वर्षानुवर्षं बंद, त्यामुळे ॲम्ब्युलन्स पुढच्या दाराशी येऊन थांबणार. फोन कुणी करायचा हे ठरलेलं नाही, म्हणून तिघांनी केला किंवा कुणीच केला नाही. यातली एकेक गोष्ट निस्तरायला दिवसही लागत नाही. पण ती आधी दिसावी लागते.

या खटाटोपाने फरक पडतो का? एईडी ठेवलेल्या 1,710 अमेरिकी हायस्कूलांचा अभ्यास 2009 साली 'सर्क्युलेशन' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात हृदय अचानक थांबल्याच्या 36 घटना नोंदल्या होत्या आणि त्यातली 23 माणसं वाचून घरी गेली, म्हणजे 64 टक्के. रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या माणसांत एरवी दहातला एक वाचला तरी समाधान मानतात. त्या 36 जणांत विद्यार्थी खेळाडू फक्त 14 होते. उरलेले 22 मोठी माणसं होती, शाळेचे कर्मचारी आणि सामने बघायला आलेले प्रेक्षक. शिक्षकांना छातीदाबाचं हे तंत्र, म्हणजे सीपीआर, शिकवणं म्हणजे मुलांवर उपकार, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. शाळेत हृदय थांबण्याची शक्यता पन्नाशीतल्या सरांची जास्त असते.

संध्याकाळी 7:30, कोसळण्याआधी 85 मिनिटं

आता सिनसिनाटी. बफेलो बिल्स विरुद्ध सिनसिनाटी बेंगल्स. दोन्ही संघ त्या मोसमातले तगडे, 65 हजार आसनांचं स्टेडियम, सोमवार रात्रीचं देशभर थेट प्रक्षेपण. सामना 8:30 ला सुरू व्हायचा होता.

राष्ट्रीय फुटबॉल लीगचा नियम असा की प्रत्येक सामन्याच्या एक तास आधी वैद्यकीय बैठक झालीच पाहिजे. तिचं नावच 'साठ मिनिटांची बैठक'. दोन्ही संघांचे डॉक्टर आणि ट्रेनर, श्वासनलिकेचं काम करणारा तज्ज्ञ डॉक्टर, डोक्याच्या दुखापती पाहणारे स्वतंत्र डॉक्टर, ॲम्ब्युलन्सवरचे पॅरामेडिक आणि सामन्याचे पंच एकत्र येतात. प्रत्येक सामन्याला तीसच्या आसपास वैद्यकीय माणसं हजर असतात. पाहुण्या संघाच्या लोकांनी ते स्टेडियम वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच पाहिलेलं असतं, म्हणून सगळं नव्याने सांगायचं. एईडी कुठे आहे, ॲम्ब्युलन्स कोणत्या कोपऱ्यात उभी आहे, ती मैदानात कुठून शिरेल, बाहेर कुठून पडेल, रुग्णालय कोणतं, आणि कुणी कोसळलंच तर हुकूम कुणाचा चालेल.

ही बैठक टीव्हीवर दिसत नाही. तिच्यात नवं असं काही नसतं. त्याच त्या गोष्टी प्रत्येक सामन्याआधी पुन्हा सांगायच्या, हे कंटाळवाणं काम आहे. बहुतेक सामन्यांत त्यातलं काहीच लागत नाही. याशिवाय मोसम सुरू होण्याआधी प्रत्येक संघाला आणीबाणीचा प्रत्यक्ष सराव करावा लागतो. म्हणजे बिल्सचे लोक त्या संध्याकाळी जे ऐकत होते ते त्यांच्या हातांनाही माहीत होतं.

शाळेच्या नर्सबाई स्टॉपवॉच घेऊन जे करतात ते हेच. लीगकडे पैसा आहे, तीस माणसं आहेत. शाळेकडे पाच आहेत. प्रश्न मात्र तेच विचारायचे असतात.

रात्री 8:30, कोसळण्याआधी 25 मिनिटं

सामना सुरू झाला. हॅम्लिन बिल्सचा 'सेफ्टी', म्हणजे बचावाच्या शेवटच्या फळीतला खेळाडू, जर्सी क्रमांक 3. पेन्सिल्व्हेनियातल्या मकीज रॉक्स या छोट्या गावातला मुलगा. पिट्सबर्ग विद्यापीठातून खेळून 2021 मध्ये लीगच्या खेळाडू-निवडीत सहाव्या फेरीत निवडला गेलेला, म्हणजे फार कुणी ज्याच्यावर पैज लावली नव्हती असा. त्याने गावातल्या मुलांना खेळणी देण्यासाठी एक छोटा निधी सुरू केला होता, लक्ष्य 2,500 डॉलरचं. त्याची आई त्या रात्री स्टेडियममध्ये सामना बघत होती.

आपल्याकडे तेव्हा 3 जानेवारीची सकाळ उजाडली होती, सावित्रीबाईंची जयंती. 7 वाजता सकाळच्या सत्रातल्या शाळांतून मुलं जमत होती, बाई फोटोला हार घालायची तयारी करत होत्या.

8:55

बेंगल्सचा टी हिगिन्स चेंडू झेलून पुढे धावला. हॅम्लिनने त्याला अडवलं. हिगिन्सचा खांदा हॅम्लिनच्या छातीवर आदळला आणि दोघेही खाली गेले. अशा धडका त्या खेळात प्रत्येक सामन्यात शेकड्याने होतात. हॅम्लिन उठून उभा राहिला, एकदोन पावलं टाकली आणि उताणा कोसळला.

पुढे एप्रिलमध्ये स्पष्ट झालं की हे कमोशिओ कॉर्डिस होतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यानंतर स्नायू पुढच्या ठोक्यासाठी तयार होत असताना एक नाजूक क्षण येतो, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा. नेमक्या त्याच क्षणी छातीवर, हृदयाच्या वर, फटका बसला तर निरोगी हृदयसुद्धा थरथरायला लागतं आणि रक्त पुढे ढकलणं थांबतं. हृदयात आधी काही दोष असावा लागत नाही, बरगडी मोडावी लागत नाही. जगभर याचे बळी बहुतेक मुलगे असतात, आणि सरासरी वय पंधराच्या आसपास. बेसबॉल, हॉकीचा चेंडू, सोबतच्या खेळाडूचं कोपर. आपला क्रिकेटचा सीझन बॉलही याच जातीचा. आठवी-नववीतली मुलं छातीवर काही न बांधता त्याने रोज खेळतात. घाबरवायचा हेतू नाही, हे क्वचितच घडतं. पण घडलं तर पुढे असतात मिनिटं. प्रत्येक मिनिट काही न करता गेलं की वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते.

8:55 नंतरची पहिली मिनिटं

बिल्सचे ट्रेनर काही सेकंदांत त्याच्यापाशी पोचले. मान दुखावली का, डोकं आपटलं का, हे फुटबॉलमधले नेहमीचे प्रश्न. इथे वेगळं काहीतरी झालंय हे त्यांनी लगेच ओळखलं. नाडी नाही. सहायक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी गुडघे टेकून छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. एईडी आलं, झटका दिला गेला. श्वासाचं काम तज्ज्ञाने हाती घेतलं. ॲम्ब्युलन्स मैदानात आली. सहकाऱ्यांनी भोवती कडं केलं, कुणी गुडघ्यावर बसलं, कुणी तोंड फिरवून रडत होतं. कड्याच्या आत कुणी आरडाओरडा केला नाही, कारण कुणी काय करायचं ते दीड तासापूर्वी ठरलं होतं.

इथे जरा थांबायला हवं. शाळांमध्ये वेळ वाया जातो तो याच टप्प्यावर.

हृदय थांबलेला माणूस पहिल्या एकदोन मिनिटांत मेल्यासारखा दिसतोच असं नाही. त्याला झटके येऊ शकतात. तो अधूनमधून घोरल्यासारखा, आचके दिल्यासारखा श्वास ओढतो. बघणाऱ्याला वाटतं, श्वास चालू आहे. मग आपल्याकडे जे होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. "चक्कर आली, वारा घाला." "फिट आलीय, कांदा हुंगवा, चप्पल हुंगवा." कुणीतरी तोंडात पाणी ओततं, कुणी उठवून बसवतं, कुणी हातात लोखंडाची किल्ली देतं. सगळे जण माया करत असतात आणि मिनिटं जात असतात. म्हणून प्रशिक्षणाचा पहिला धडा हाताचा नसून डोळ्यांचा आहे. खांदे हलवून मोठ्याने हाक मारली आणि उत्तर नाही, श्वास नाही किंवा नेहमीसारखा नाही, तर हृदय थांबलं असं धरून चालायचं. शंका असली तरी दाब सुरू करायचे. हृदय चालू असलेल्या माणसाला चुकून दाब दिले तर फार तर छाती दुखेल, तो हात झटकेल. थांबलेल्याला दिले नाहीत तर तो मरेल.

आता हात. माणूस कठीण जमिनीवर उताणा. छातीच्या मधोमध, छातीच्या हाडाच्या खालच्या भागावर तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, बोटं गुंतवलेली. कोपरं ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर, म्हणजे दंडाच्या ताकदीऐवजी अंगाचा भार कामाला येतो. किमान 5 सेंटीमीटर खोल, 6 च्या पुढे नाही. मिनिटाला 100 ते 120. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, नाहीतर हृदयात रक्त भरत नाही. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबायचं नाही. बरगडी जुळते. दोन मिनिटांत कुणाही माणसाचे दाब उथळ व्हायला लागतात, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. एकट्या पीटीच्या सरांना शिकवून भागत नाही ते याचमुळे. ॲम्ब्युलन्स यायला पंधरा मिनिटं लागली तर सातआठ पाळ्या लागतात.

एईडी यंत्राची भीती काढून टाकायला हवी. ते चालू केलं की स्वतःच बोलतं. चिकटपट्ट्या कुठे लावायच्या याची चित्रं त्यावरच असतात, हृदयाची लय ते स्वतः तपासतं आणि गरज नसेल तर झटका देतच नाही. शहाणा विद्यार्थी ते दहा मिनिटांत शिकतो.

एक अपवाद मोठ्या अक्षरांत सांगायला हवा. पाण्यातून बाहेर काढलेलं मूल. विहीर, शेततळं, नदी, समुद्र. आपल्या मुलांचे जीव तिथे फार जातात. बुडालेल्या मुलाचं हृदय श्वास कोंडल्याने थांबतं, म्हणून तिथे नुसते दाब पुरत नाहीत, तोंडाने श्वासही द्यावे लागतात, 30 दाबांमागे 2 श्वास. पोटावर दाबून पाणी काढत बसू नये, मुलाला खांद्यावर उलटं टाकून पळू नये. सहलीला नेणाऱ्या शिक्षकांनी तरी हे शिकून घेतल्याशिवाय बस सोडू नये.

रात्री 9:25

मैदानातच हॅम्लिनच्या हृदयाने पुन्हा लय धरली. साडेनऊच्या सुमाराला त्याला घेऊन ॲम्ब्युलन्स निघाली, आई सोबत. युनिव्हर्सिटी ऑफ सिनसिनाटी मेडिकल सेंटर, जे नाव आधीच ठरलेलं होतं. बिल्सचे प्रशिक्षक शॉन मॅकडरमॉट आणि बेंगल्सचे झॅक टेलर मैदानाच्या मध्यभागी बोलले आणि दोन्ही संघ आत गेले.

रात्री 10 नंतर

दहा वाजून गेल्यावर लीगने सामना पुढे ढकलल्याचं जाहीर केलं. तो पुढे रद्दच झाला. रात्री पावणेदोनच्या सुमाराला बिल्सने सांगितलं की हॅम्लिनचं हृदय थांबलं होतं आणि ते मैदानावरच पूर्ववत झालं. तोवर त्या खेळण्यांच्या निधीत लोक पैसे ओतायला लागले होते. 2,500 डॉलरच्या जागी 80 लाख डॉलरच्या वर रक्कम गेली.

4 ते 11 जानेवारी

4 तारखेच्या रात्री तो शुद्धीवर आला. घशात नळी होती म्हणून त्याने लिहून विचारलं की सामना कोण जिंकलं. 5 तारखेला त्याच्या डॉक्टरांनी, टिमोथी प्रिट्स आणि विल्यम नाइट यांनी, पत्रकारांना सांगितलं की मेंदू शाबूत आहे आणि याचं श्रेय मैदानावर तत्काळ झालेल्या उपचारांना आहे. रुग्णालयाच्या अद्ययावत अतिदक्षता विभागातले डॉक्टर असं म्हणाले, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. जे हातांनी पहिल्या मिनिटांत केलं गेलं नाही ते कुठल्याही यंत्राने नंतर भरून काढता येत नाही. 6 तारखेला नळी निघाली, मग त्याला बफेलोला हलवलं आणि 11 तारखेला तो तिथल्या रुग्णालयातून घरी गेला. 1 ऑक्टोबर 2023 ला तो पुन्हा लीगच्या सामन्यात खेळला.

नंतरची दोन वर्षं

हॅम्लिनने पुढे जे केलं त्याचं मला फार मोल वाटतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनबरोबर त्याने छातीदाब शिकण्याची मोहीम काढली आणि आपल्या संस्थेतर्फे गावोगावच्या मुलांसाठी प्रशिक्षणं घेतली. लीगने मार्च 2023 मध्ये एक आघाडी उभी करून सर्व 50 राज्यांपुढे हायस्कूलांसाठी तीन मागण्या ठेवल्या. प्रत्येक मैदानासाठी लिखित आणीबाणी योजना, एक ते तीन मिनिटांत हाती येईल असं एईडी, आणि प्रशिक्षकांना सीपीआरचं शिक्षण. डिसेंबर 2024 मध्ये शाळांतल्या हृदयसुरक्षेसाठीचा 'हार्ट्स' कायदा झाला. कोट्यवधी डॉलरचा खेळ चालवणाऱ्यांनी अखेर शाळांकडे बोट दाखवलं, ते बरोबरच होतं. स्टेडियममध्ये तीस वैद्यकीय माणसं असतात, गावातल्या शाळेत एकही नसतो.

आपल्याकडे, घटनेआधी किती मिनिटं ते माहीत नाही

मराठी शाळांत नर्सबाई नसतात. काही मोठ्या शहरी शाळा आणि आश्रमशाळा सोडल्या तर ही जागाच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरहून झाली. त्यातलं पथक शाळेत येऊन मुलांना तपासतं, जन्मजात हृदयदोष शोधतं, शस्त्रक्रियेची वाट दाखवतं. ते मोलाचं आहे. पण पथक वर्षाकाठी एकदा येतं, आणि मूल कोसळतं ते उरलेल्या दिवसांपैकी एखाद्या दिवशी. महाराष्ट्रात 108 ची ॲम्ब्युलन्स 2014 पासून धावते आहे, तिच्यात डॉक्टर असतो. पण ती किती लवकर पोचली तरी मेंदूला मिळणाऱ्या चारपाच मिनिटांच्या आत वाडीवस्तीवर पोचेल, असा शब्द कुणीही देऊ शकणार नाही. मधला वेळ शाळेचाच आहे.

तेव्हा नर्सबाईंचं काम कुणीतरी अंगावर घेतलं पाहिजे. पीटीचे सर घेतील, विज्ञानाच्या बाई घेतील, जवळच्या उपकेंद्रातल्या सिस्टर येऊन शिकवतील. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य माणसासाठी फक्त छातीदाबाची सोपी पद्धत ठरवून दिली आहे, आणि भूल देणारे डॉक्टर आता तालुक्याच्या गावातही असतात. त्यांना पत्र लिहून बोलावलं तर अर्ध्या दिवसात तीसचाळीस जण शिकतात. पुतळा नसला तर घट्ट भरलेल्या उशीवर हाताची जागा आणि लय शिकता येते, पण पुतळ्याची मागणी जरूर करावी, कारण खोली कळते ती त्यावरच. मुलांनाही बसवावं. 'मुलं जीव वाचवतात' ही भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये उचलून धरली, बाराव्या वर्षापासून वर्षाला दोन तास. सातवीतल्या मुलाचा दाब कदाचित पुरेसा खोल जाणार नाही, पण 108 लावायला, पत्ता नीट सांगायला आणि धावत जाऊन मोठ्यांना आणायला तो तयार होतो. दहावीपर्यंत त्याच्या अंगात भार येतो आणि तेच हात कामाला येतात. तो घरी जाऊन आजोबांसमोर आईला शिकवतो, हा वेगळा लाभ.

मुख्याध्यापकांना एकच विनंती. यंदाच्या क्रीडामहोत्सवाच्या सकाळी पहिल्या शर्यतीच्या एक तास आधी सगळ्या शिक्षकांना, शिपाईमामांना, खिचडी शिजवणाऱ्या ताईंना आणि मैदानावर घोषणा करणाऱ्या सरांना पंधरा मिनिटं एकत्र बसवा. दाब कोण देणार, दुसऱ्या पाळीला कोण, 108 ला फोन कोण करणार, फाटकाची किल्ली कुणाकडे, ॲम्ब्युलन्सला रस्त्यावर उभं राहून वाट कोण दाखवणार, बाकीच्या मुलांना बाजूला कोण नेणार, जवळचं एईडी कुठे आहे. उत्तरं नावासकट लिहा आणि तो कागद माइकच्या टेबलावर चिकटवा. याला पैसे लागत नाहीत, वरच्या कार्यालयाची परवानगी लागत नाही. तारीख आजच ठरवा.